मागचं बोट

१

पन्नाशी आली तरी घरात त्याला कापशाच म्हणत. लहानपणी तो वडिलांच्या कामाच्या टेबलाखाली खेळायचा आणि केसांत, भुवयांत, कानांत कापूस घेऊन जेवायला यायचा, तेव्हा थोरल्या बहिणीने ठेवलेलं हे नाव. वडील म्हणजे अण्णा. चाळीस वर्षं त्यांनी म्युझियममध्ये मेलेल्या जनावरांत पेंढा भरला. वाघ, अस्वल, घुबड, एकदा तर अख्खा जिराफ. डोळे गेले तेव्हा त्यांनी आपली हत्यारं कापशाच्या हवाली केली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, ते आजतागायत.

पण कामातून ते सुटले असं नाही. कापशाचं जनावर मातीत तयार झालं, की साच्याला जाण्याआधी त्याचं डोकं नाहीतर पाय पिशवीत घालून तो घरी आणी, अण्णांच्या मांडीवर ठेवी आणि समोर स्टुलावर बसून निकालाची वाट बघे. म्युझियममध्ये शिकले-सवरलेले लोक ढिगाने होते, पण अण्णांच्या हाताखालून गेल्याशिवाय कापशा काही पुढे पाठवत नसे. अण्णा बोटं फिरवत. चूक सापडली की थांबत आणि म्हणत, "इथे पोकळ आहे." म्हणजे वरून सगळं ठीक, पण कातडीखाली हाडच नाही, कारागिराने तिथे विचार न करता वेळ मारून नेली आहे. या एका वाक्याची कापशाला अजूनही शाळकरी पोरासारखी धास्ती वाटे.

यंदाचं काम मात्र जगावेगळं होतं. म्युझियममध्ये नवं दालन उघडायचं होतं, 'पाच कोटी वर्षांनंतर'. माणूस संपून गेल्यावर कुठलं जनावर कसं होईल, याच्या बारा प्रतिकृती. कल्पना एका शास्त्रज्ञ बाईंची. पुढच्या मंगळवारबद्दल बोलावं तसं त्या पाच कोटी वर्षांबद्दल बोलत, म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे पाठीमागे त्यांना पाचकोटी मॅडम म्हणत. त्यांची रीत सोपी होती. आजचं एक जनावर घ्यायचं, त्याला थंडी द्यायची नाहीतर भूक द्यायची, आणि विचारायचं, आता हे काय करेल? उडणं सोडून दिलेला कावळा, समुद्रात राहायला गेलेलं डुक्कर, जमिनीवर धावणारं वटवाघूळ. अशी अकरा झाली होती, आणि अकराही अण्णांनी तपासली होती. "या कावळ्याला गुडघे दिलेस की दाराच्या बिजागऱ्या?" असं विचारून त्यांनी कापशाला चार दिवस जास्तीचं काम लावलं होतं.

बारावं होतं घरातलं मांजर. म्हणजे त्याचं पाच कोटी वर्षांनंतर जे काही होईल ते.

शनिवारी दुपारी कापशाने मातीचा पुढचा पंजा अण्णांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी एकदाच हात फिरवला आणि मान हलवली.

"आतलं बोट चुकलंय."

"कसं चुकेल? मॅडमच्या फाइलमध्ये आहे तसंच केलंय. मांजराचं पाचवं बोट आतल्या बाजूला, जरा वरच असतं की."

"मांजराचं असतं. याचं तिथे नसतं. याचं मनगटाच्या मागे असतं. ते मागून पुढे येतं आणि धरतं." अण्णांनी आपल्या एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या तर्जनीभोवती मिटून दाखवला. "हे असं."

कापशाला हसू आलं. "अण्णा, हे जनावर अजून जन्माला यायचंय."

"काहीतरीच काय बोलतोस," अण्णा शांतपणे म्हणाले. "रोज दुपारी हात लावतो मी त्याला."

२

आधी त्याला वाटलं, अण्णा चेष्टा करताहेत. तो त्यांचा स्वभावच होता. पण चेष्टा केली की अण्णांचा डावा गाल जरासा थरथरे, आणि तो गाल स्थिर होता.

"कशाला हात लावता?"

"तू आणलेल्या मांजराला. बोलला नाहीस, पण मी समजलो. एकट्या म्हाताऱ्याला सोबत म्हणून आणलंस. चांगलं केलंस."

कापशाने मांजर आणलं नव्हतं. घरात कधीच मांजर नव्हतं. चाळीस वर्षं ज्या घरात सोललेली कातडी वाळत होती, तिथे मांजर कोण पाळणार?

त्याच्या मनात पाल चुकचुकली ती इथे. आणि तिने पहिलं नाव घेतलं ते अण्णांच्या म्हातारपणाचं.

कारण त्याचा आणि ताईचा एक ठराव होता. ताई राहायची दुसऱ्या शहरात, गाडीने सहा तासांवर. अण्णांना आपल्याकडे न्यावं म्हणून ती तीन वर्षं मागे लागली होती, आणि अण्णांनी तिला हात जोडून सांगितलं होतं, "मला माझ्या खुर्चीतून हलवू नका. इथलं टेबल कुठे, खिडकी कुठे, हे माझ्या हातांना पाठ आहे. दुसरीकडे मी खरा आंधळा होईन." शेवटी ठरलं ते असं, की डोकं शाबूत आहे तोवर अण्णा इथे राहतील. ज्या दिवशी भलतंसलतं बोलायला लागतील, त्या दिवशी ताई गाडी घेऊन येईल आणि मग कुणी एक शब्द बोलायचा नाही. कापशाने या ठरावावर मान डोलावली होती. अण्णांनीही.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. "काय म्हणताहेत आपले साहेब?"

"मजेत आहेत," कापशा म्हणाला. मांजराची गोष्ट त्याने गिळून टाकली.

३

रविवारी त्याने घर पालथं घातलं. घर म्हणजे तीन खोल्या. पलंगाखाली, कपाटामागे, माळ्यावर, न्हाणीघराच्या झडपेत तो बॅटरी घेऊन डोकावला. विष्ठा नाही, वास नाही, ओरखडा नाही. खिडकीला बारीक जाळी होती, ती चारी बाजूंनी ठाकठीक होती.

मिळाली ती एकच गोष्ट. अण्णांच्या मांडीवरच्या शालीत एक केस. कापशाचा जन्म केसांत गेलेला. नुसतं चिमटीत धरून तो बकरीचा, घोड्याचा, कोल्ह्याचा ओळखायचा. हा त्याला ओळखता आला नाही. करडा, आखूड, आणि बोटांत धरला तर बोटाला गार लागणारा. मग त्याने स्वतःला समजावलं, की म्युझियमच्या कारखान्यात दिवसभर बारा गावचे केस आपल्या अंगावर उडतात, त्यातलाच एखादा आला असेल कपड्यांबरोबर. समजावणं पटण्यासारखं होतं. तरी तो केस त्याने कागदात गुंडाळून पाकिटात ठेवला.

सोमवारी सकाळी त्याने मावशींना गाठलं. मावशी रोज दुपारी तीन तास अण्णांजवळ असत, त्यांना जेवू घालत, औषध देत. संशय घ्यायचा तर त्यांच्यावर घेण्यासारखा होता. बाई मायाळू, एखादं पिल्लू पदराखाली आणलंही असेल.

"मावशी, खरं सांगा. दुपारी घरात मांजर येतं?"

"अहो, मांजराच्या वाऱ्यानेही मला शिंका येतात! मांजर असतं तर मी टिकले असते का इथे?" मग त्या जरा घुटमळल्या. "पण मलाच तुम्हाला विचारायचं होतं. ते कसलं मशीन चालू ठेवून जाता तुम्ही?"

"कुठलं मशीन?"

"घुर्र घुर्र करतं ना, दुपारी. फ्रिज असेल म्हणून मी लक्ष देत नाही. बरं वाटतं खरं ते ऐकायला. परवा तर माझा बसल्या बसल्या डोळा लागला." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि दुसरं एक. आजोबा हल्ली उठायलाच तयार नसतात. बाथरूमला चला म्हटलं तरी, जरा थांबा, म्हणतात. हसतमुख असतात, तक्रार काही नाही. पण मांड्या बघा त्यांच्या. बाहेर एवढं ऊन, आणि मांड्या गारठलेल्या."

"कधीपासून?"

मावशींनी बोटं मोजली. "महिना झाला. पाच आठवडे म्हणा."

मांजराची फाइल कापशाने घरी आणून जेवणाच्या टेबलावर उघडली होती, त्यालाही पाच आठवडेच झाले होते. याचा अर्थ उघड होता. काम वाचताना तो पुटपुटायचा. अण्णांच्या कानावर पडलं असणार, आणि दिवसभर रिकामं डोकं, त्याने त्यातून मांजर उभं केलं. मांड्यांचं म्हणाल तर म्हातारपणी रक्त नीट फिरत नाही. घुर्र म्हणजे फ्रिज. सगळं जागच्या जागी बसत होतं.

फक्त बोट बसत नव्हतं. फाइलमध्ये बोट आतल्या बाजूलाच होतं.

४

कारागिराची खोड वाईट. कापशाने मंगळवारी पंजा ओला केला आणि आतलं बोट कापून मनगटाच्या मागे लावलं. नुसतं बघू या, म्हणून.

पंजा जिवंत झाला. दुसरा शब्द नाही. इतके दिवस ज्या मनगटाशी तो झगडत होता, त्याच्या हाडांना एकदम काम मिळालं, कोपराचा बाक का तसा आहे ते कळलं, खांदाही आपोआप खाली आला. दोन तासांत त्याने उरलेलं धड संपवलं. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि त्या आनंदाचीच त्याला भीती वाटायला लागली.

पाचकोटी मॅडम चहाचा कप घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे बोट कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझं मलाच... वाटलं."

मॅडमनी कप ठेवला, खांद्यावरच्या पिशवीतून वही काढली आणि एक पान उघडून त्याच्यापुढे धरलं. मांजराचं पहिलं रेखाटन. मनगटाच्या मागे काहीतरी काढून खोडरबराने पुसलेलं होतं. कागद उजेडात तिरका धरला की दाब दिसत होता. मागून पुढे येणारं एक बोट.

"मीच पुसलं," त्या म्हणाल्या. "कुणाला दाखवलंही नाही. तुम्ही माझी वही बघितलीत?"

दोघांनीही एकमेकांकडे संशयाने पाहिलं. कापशाच्या मनात आलं, ही बाई अण्णांना कधी भेटली आहे का? पण त्या नोकरीला लागल्या तेव्हा अण्णा घरी बसून सहा वर्षं झाली होती.

"का पुसलंत?" त्याने विचारलं.

"कारण बोट ठेवलं तर ते कशासाठी आहे हेही लिहावं लागलं असतं. आणि दालनात शाळेची मुलं येणार." त्यांनी एक सुटा कागद काढला. "हे पान मी फाइलला लावलंच नाही."

कापशाने उभ्या उभ्या वाचलं. मॅडमचं लिखाण नेहमी कोरडं असे, हेही तसंच होतं. जग गार होतं. खायला कमी. पळून शिकार करण्यात ऊब खर्च होते, म्हणून हे जनावर पळत नाही. ते बसलेल्या, थकलेल्या मोठ्या जनावराच्या अंगावर जाऊन बसतं. मागच्या बोटाने हलकेच धरतं. घुरघुरतं. त्या घुरघुरण्याने मोठ्या जनावराला बरं वाटतं, आणि ते उठत नाही. त्याची ऊब थोडी थोडी रोज जाते. भक्ष्य पळत नाही, कारण त्याला पळावंसं वाटत नाही.

"किती दिवस?" कापशाचा आवाज त्यालाच परका वाटला.

"मोठं जनावर असेल तर? पन्नासेक दिवस धरा."

"आणि मग?"

"मग दुसऱ्याकडे. जवळ जे असेल त्याच्याकडे." मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "अहो, कल्पना आहे ही. घाम का आलाय तुम्हाला?"

५

बुधवारी तो मावशींना सुट्टी देऊन कामावर गेला आणि भर दुपारी दीड वाजता परत आला. जिन्यात पावलं न वाजवता चढला. आपल्याच घरी चोरासारखं जाताना त्याला स्वतःची लाज वाटत होती. दाराला कान लावला.

घुर्र येत होती. एकसारखी, खालच्या सुरात, मध्ये श्वास घेतल्यासारखी थांबून पुन्हा सुरू होणारी.

फ्रिज, त्याने स्वतःला सांगितलं. विजेचा मुख्य खटका बाहेर जिन्यातच होता. त्याने तो खाली ओढला. आतला पंखा हळूहळू थांबल्याचं ऐकू आलं, फ्रिज एकदा खडखडून गप्प झाला.

घुर्र चालूच होती.

तो दार ढकलून आत गेला. पडद्यातून उजेड आत येत होता, खोली लख्ख दिसत होती. अण्णा खुर्चीत बसले होते, चेहरा खिडकीकडे, ओठांवर हसू. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर. उजवा हात मांडीवरून फिरत होता. पण मांडीला टेकत नव्हता. वीतभर वरून फिरत होता.

कापशाने तो हात आयुष्यभर पाहिला होता. अण्णांचा हात कधी उगाच फिरत नसे. आता तो एका मानेवरून निघाला, खांद्याच्या हाडापाशी किंचित वर चढला, पाठीच्या बाकावरून घसरला आणि मागे एका ठिकाणी थबकला. तोच खांदा, तोच बाक. काल संध्याकाळी म्युझियममध्ये कापशाने ओल्या कापडाखाली झाकून ठेवलेला. अण्णांचा हात त्याला कधी लागलाच नव्हता.

मांडीवर काही नव्हतं. शाल तेवढी मधोमध दबलेली होती. आणि दांड्यावरच्या डाव्या हाताची तर्जनी पुढे आलेली, मधल्या पेराशी पांढरी पडलेली, घट्ट अंगठी घातल्यावर पडते तशी.

"आलास?" अण्णा हळूच म्हणाले. "दार लोटून घे, बुजेल ते. ये, हात लाव. पण आधी डोळे मीट. उघड्या डोळ्यांना ते सापडत नाही."

कापशाने डोळे मिटले नाहीत. त्याने पुढे होऊन त्या गार मांड्यांवरून काय असेल ते झटकून टाकायला हवं होतं. पुढे किती तरी वेळा त्याने स्वतःला हेच विचारलं, की आपण का नाही झटकलं? उत्तर एवढंच होतं, की त्याला भीती वाटली. तो दाराशी उभा राहिला. बऱ्याच वेळाने घुर्र थांबली, शाल आपोआप सपाट झाली, आणि अण्णांनी रिकामा हात मांडीवर ठेवला.

"अण्णा, आपण ताईकडे जाऊ या चार दिवस."

"का?"

"हवापालट."

"मला नको हवापालट," अण्णा म्हणाले. "इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. डोकं माझं ठिकाणावर आहे. ठराव ठराव आहे, कापशा."

६

त्याने दिवस मोजले. पाच आठवडे आणि वर चार दिवस. पन्नासला अजून अकरा होते. घर सोडलं की झालं, एवढंच त्याला सुचत होतं. आणि अण्णांना घराबाहेर काढायचा रस्ता एकच होता. तो ठरावातच लिहिलेला होता.

त्याने ताईला फोन केला.

"ताई, अण्णांचं काही खरं नाही. भलतंसलतं बोलताहेत. मांजर आहे म्हणतात मांडीवर." एवढं तरी खरं होतं. पण तेवढ्यावर ताई गाडी काढणार नाही, असं वाटून तो पुढे म्हणाला, "काल गॅस चालू ठेवला. मला ओळखलं नाही. आज जिन्यात सापडले, कुठे निघालो ते सांगता येईना." तोंडात येईल ते तो रचत गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की खोटं बोलणं किती सोपं असतं.

गुरुवारी ताई आली. गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊनच वर आली. डॉक्टरांनी वार विचारला, अण्णांनी सांगितला. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, अण्णा दोनपर्यंत उतरले आणि म्हणाले, "आणखी करू?" डॉक्टरांनी कापशाकडे पाहिलं.

"असं मध्ये मध्ये ठीक असतं," कापशा म्हणाला. "आमच्या समोर नीट वागतात. मांजराचं विचारा."

"मांजर आहे," अण्णा म्हणाले.

मग कुणी काही विचारलं नाही. ताईने डोळे पुसत पिशवी भरली. अण्णांनी ना आरडाओरड केली ना हात जोडले. जाताना दाराशी थांबले आणि म्हणाले, "कापशा, इकडे ये."

तो समोर जाऊन उभा राहिला. अण्णांनी दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यावर ठेवले आणि मातीवरून फिरवावीत तशी बोटं फिरवली. कपाळ, भुवया, गाल. गालांपाशी थांबले.

"इथे पोकळ आहे," ते म्हणाले, आणि ताईचा हात धरून जिना उतरायला लागले.

कापशाला जिन्यात धावत जाऊन पाय धरावेसे वाटले. पण त्याने दात आवळले. रागावू देत, जगतील तर खरे, असं तो स्वतःशी म्हणाला.

७

आता घरात तो आणि ती खुर्ची. पहिले दोन दिवस तो कामावर गेलाच नाही. दुपारी खुर्चीपासून लांब, भिंतीला पाठ लावून बसला आणि ऐकत राहिला. फ्रिज खडखडायचा, नळ ठिबकायचा, खाली कुणीतरी फर्निचर सरकवायचं. घुर्र नव्हती. शालीवर त्याने पीठ चाळून ठेवलं होतं, त्यावर चरा उमटला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःचं हसू यायला लागलं. कसलं मांजर आणि कसलं काय! मॅडमनी बोट पुसलं, अण्णांनी सांगितलं, यात नवल ते काय? दोघंही हाडं जाणणारी माणसं. हाडं जिकडे नेतात तिकडेच दोघं पोचली. आणि आंधळ्या म्हाताऱ्याच्या हाताला सवय असते फिरायची. मग आपण काय केलं? चांगल्या शाबूत बापाला वेडा ठरवून घराबाहेर काढलं. भीती गेली की शरमेला मोकळी जागा मिळते, तसं त्याचं झालं.

दालन उघडायच्या आदल्या दिवशी बारावं जनावर काचेत उभं राहिलं. मॅडम खूश होत्या. कापशाने घरी येऊन दिवस मोजले, खरं तर आता मोजायची गरज नव्हती. पन्नासावा दिवस होता. दुपारचे तीन वाजत होते. त्याने ठरवलं, ताईला सगळं खरं सांगायचं, अण्णांची माफी मागायची आणि परवा स्वतः जाऊन त्यांना परत आणायचं. फोन बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"ताई, मी बोलतोय."

"हं." आवाज जड होता, झोपेतून उठल्यासारखा.

"झोपली होतीस?"

"नाही रे. बसलेय आपली."

"ताई, मला काही सांगायचंय. मी खोटं बोललो होतो. गॅसचं, जिन्याचं, सगळंच खोटं. अण्णांचं डोकं अगदी शाबूत आहे."

"माहितेय मला," ताई म्हणाली. तिला राग आलेला नव्हता. "मला चौथ्या दिवशीच कळलं. अण्णा म्हणाले, डोळे मीट आणि हात लाव. मी लावला."



"अण्णांना दे फोन. ताई, आधी अण्णांना दे."

"झोपलेत ते. सकाळपासून उठलेच नाहीत खुर्चीतून. मी पांघरूण घातलंय, पण हात काही गरम होईनात." ती जराशी हसली. "छान झोपलेत, चेहरा इतका शांत दिसतोय. म्हटलं, कशाला उठवा?"

"ताई, तू कुठे बसली आहेस?"

"इथेच, त्यांच्या बाजूला. दुपारी ते उतरलं त्यांच्या मांडीवरून."

तिच्या आवाजामागे फोनमधून ते येत होतं. एकसारखं, खालच्या सुरात, मध्ये थांबून पुन्हा सुरू होणारं.

"ताई, ऊठ," तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता ऊठ. सगळं झटकून टाक आणि बाहेर जा. शेजाऱ्यांना हाक मार. ताई!"

"उठते रे," ताई म्हणाली. लहानपणी केसांतला कापूस काढताना ज्या सुरात बोलायची, त्याच सुरात. "एवढा ओरडतोस काय? बोट धरलंय त्याने माझं. जरा सोडू दे, मग उठते."